हायड्रोथेरपीच्या ताईंना, जमिनीवरच्या सहकाऱ्यांकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, घोटा मोडलेले, जुन्या कंबरदुखीने वाकलेले पेशंट आम्ही तुमच्या हायड्रोथेरपीच्या पूलवर, म्हणजे कोमट पाण्यात व्यायाम करून घेण्याच्या तलावावर, पाठवतो. परत येतात तेव्हा त्यांना पाय टेकवायची भीती वाटत नाही. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.

वजन हलकं करायचं काम पाणी आपोआप करतं. ते किती हलकं करायचं आणि केव्हा परत द्यायचं, हे मात्र तुम्ही ठरवता. मानेपर्यंतच्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा भाग येतो. पाणी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत असेल तर सुमारे एक तृतीयांश, कंबरेच्या पुढच्या हाडापर्यंत असेल तर साधारण निम्मा. हे आकडे स्थिर उभ्या माणसाचे. तोच माणूस झपाझप चालू लागला की भार बराच वाढतो. म्हणूनच सर्जनने ‘पायावर निम्मंच वजन’ लिहिलेल्या पेशंटला तुम्ही कंबरभर पाण्यात चालवत नाही, छातीभर पाण्यात सुरुवात करता, आणि मग पाय काय सांगतो ते बघत वीतवीतभर उथळाकडे आणता. आमच्या मते तुमच्या कामाचा गाभा हाच आहे.

फार खोल पाण्यात पेशंट तरंगू लागतो, टाचा उचलल्या जातात आणि चवड्यांवर चालायची खोड लागते. ही खोड जमिनीवर मोडायला फार जड जाते. टाच टेकल्याशिवाय तुम्ही पुढचं पाऊल टाकू देत नाही, उलटं चालायला लावता, बाजूला पावलं टाकत चालवता. शिवाय स्वतः पाण्यात उतरता, हे तर फारच मोलाचं. काठावरून पाहिलं तर प्रकाश वाकल्यामुळे पाय आखूड आणि जागा सोडून दिसतो. गुडघा आत वळतोय की नाही, हे वरून खात्रीने सांगता येत नाही. हाताने चाचपूनच ते कळतं.

फ्लोटच्या, म्हणजे तरंगवणाऱ्या आधाराच्या, बाबतीतही तुमची अशीच नजर असते. घोट्याला फ्लोट बांधून पोटावर सोडलं की पाय वर जातात, कंबरेला बाक येतो आणि दुखरी कंबर आणखी दुखते. तुम्ही तो ओटीपोटाखाली सरकवता आणि मानेला वेगळा आधार देता.

ताकद वाढवायला पाण्यात डंबेल्स लागतातच असं नाही. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. तळहात कडेने कापत नेला तर सोपं, आडवा धरला तर जड. दुखलं की हात थांबवायचा, विरोधही तिथेच संपतो. हातात लोंबकळणारं वजन उरत नाही. खांद्याच्या पेशंटला हे एकदा उमगलं की तो स्वतःच आपला वेग ठरवतो.

सगळ्यात अवघड काम म्हणजे थांबवणं. कोमट पाण्यात दुखणं दबतं, पेशंटला उत्साह येतो, ‘अजून पाच मिनिटं’ म्हणतो. त्याचा हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी सुजेच्या रूपात येतो. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांपुढे तुम्ही जात नाही, आणि सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी तेवढाही वेळ देत नाही.

पाणी साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवता. पण मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या पेशंटला उबेने तात्पुरती कमजोरी येते, त्याला थंडसर पाणी लागतं, हे तुम्ही आधी विचारून घेता. उघडी जखम, ताप, जुलाब, पायात नुकतीच झालेली रक्ताची गुठळी, आटोक्यात नसलेलं हृदयाचं दुखणं असेल तर सरळ नाही म्हणता. गळ्यापर्यंतच्या पाण्यात पायांतलं आणि पोटातलं सुमारे ७०० मिली रक्त छातीकडे सरकतं. सुजलेल्या घोट्याला दिलासा देणारा पाण्याचा दाबच दुबळ्या हृदयाला झेपत नाही.

पाण्याची देखभाल करणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांचेही आभार. कोमट पाण्यात क्लोरीन लवकर संपतं आणि पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) ८ पर्यंत चढला की उरलेल्या क्लोरीनचाही जोर बराच घटतो. म्हणून ७.२ ते ७.६ ची राखण दिवसातून अनेकदा करावी लागते. उग्र वास आला की लोकांना वाटतं क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा तो वास घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो. ते जंतू मारायला फारसं उपयोगी पडत नाही.

आणि बाहेर येण्याची ती शेवटची मिनिटं. पाण्याचा दाब सुटला की रक्त पुन्हा पायांत उतरतं, डोकं हलकं होतं, हातपाय शिशासारखे जड वाटतात. तुम्ही पेशंटला कंबरभर पाण्यात मिनिटभर उभं करता, मग कठडा धरून एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर थांबून. वर खुर्ची मांडलेली असते आणि प्यायला पाणी ठेवलेलं असतं. तिथून पुढे तो आमच्याकडे येतो.

तुमचे,
जमिनीवरचे फिजिओथेरपिस्ट