पंधरावा चिंचोका

आदरणीय काकाजी,

सा. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहायचं कारण साधं आहे. तुमचा नंबर माझ्याकडे नाही. आडनावही माहीत नाही. दीड वर्ष सकाळी सहाच्या बॅचला आपण एकाच टँकमध्ये पोहलो, आणि मला माहीत काय, तर तुम्ही काकाजी, रेल्वेतून रिटायर. त्या ट्रायथलॉन रिलेच्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीच्या, दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आलाच नाहीत. गेटवरचा भाऊ म्हणाला, मुलीकडे गेले असतील, उन्हाळा काढून येतील. तोवर मला दम निघायचा नाही. बॅचमधलं कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेलच.

आभार मानायचे आहेत. त्याआधी माफी मागायची आहे, पण ती जिथे यायची तिथेच येऊ द्या.

मी टँकवर पहिल्यांदा आले तेव्हा शेहेचाळीस पूर्ण होते. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पोहायला सांगितलं होतं, ट्रायथलॉन वगैरे डोक्यातही नव्हतं. पहिला महिना मी कमरेएवढ्या पाण्यात काठ धरून पाय मारत होते, आणि सोडला काठ की तिसऱ्या हाताला उभी. शिकवणाऱ्याने एकदोनदा पाहिलं आणि लहान मुलांकडे वळला. तुम्ही शेजारच्या लेनमधून जाताना थांबलात आणि म्हणालात, "काउन वो बाई, पाण्याशी भांडून राहिली का तू?"

मला राग आला होता, खरं सांगते.

मग तुम्ही विचारलं, पाण्यात तोंड असताना श्वासाचं काय करते? मी म्हटलं, कोंडून धरते, आणखी काय करणार. तुम्ही हसलात. जीव घाबरतो तो हवा कमी पडते म्हणून नाही, आतली वापरलेली हवा तुंबते म्हणून, हे मला तेव्हा कळलं. डोकं वर काढल्यावर आधी ती जुनी हवा टाकायची आणि मग नवी घ्यायची, एवढ्याला वेळ मिळतच नाही. म्हणून पाण्यातच सोडायची, नाकातून, हळूहळू. आणि ती सोडली जातेय की नाही हे कळावं म्हणून तुम्ही मला गुणगुणायला लावलं. "पाढे म्हण. सतराचा म्हण, तो लांब जाते." तुम्हाला स्वतःला पावकी-दिडकीसुद्धा पाठ. मी काठ धरून, तोंड पाण्यात घालून, नाकातून बुडबुडे काढत "सतरा दुणे चौतीस" करत होते आणि बाजूची पोरं हसत होती. पण चौथ्या दिवशी मी टँकची रुंदी न थांबता पार केली.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. रुंदीवरून लांबीवर आले, एका लेंथच्या दहा झाल्या. मग आमच्या कॉलनीजवळच्या हौशी क्लबाला रिलेसाठी पोहणारं माणूस हवं होतं. पळणारे नागपुरात गल्लोगल्ली आहेत, सायकलवाले रविवारी वर्धा रोडवर रांगेनं दिसतात. अडतं ते पोहणाऱ्यापाशी. म्हणून माझी वर्णी लागली, काही फार वेगवान होते म्हणून नव्हे.

तुमच्यासमोर नाही, पण नंतर आमच्या ऑफिसात मला बरंच ऐकावं लागलं, की तू फक्त पोहलीस, मग ट्रायथलॉन कसली? टोकियो ऑलिंपिकमध्ये मिश्र रिले पहिल्यांदा झाली, त्यात प्रत्येक टीमच्या चारही जणांनी तिन्ही प्रकार केले: तीनशे मीटर पोहणं, जवळपास सात किलोमीटर सायकल, दोन किलोमीटर धावणं, आणि मग पुढच्याच्या हातावर टाळी. तो त्यांचा मामला. आमची रिले म्हणजे घरातल्या कामांसारखी वाटून घेतलेली. 1500 मीटर मी पोहायचं, 40 किलोमीटर सायकल मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या आमच्या क्लबातल्या पोरानं चालवायची, 10 किलोमीटर बँकेतल्या दादांनी पळायचं. काठी किंवा टाळी नाही, घोट्याला बांधलेली टायमिंग चिप. ती सोडून दुसऱ्याच्या पायाला बांधली की तुमचं काम संपलं.

सगळे सोप्यात सोपं काम माझं समजत होते, कारण टँकमध्ये रस्ता चुकत नाही.

काकाजी, रस्ता नाही चुकला. मोजणी चुकली. पन्नास मीटरचा टँक, तीस लेंथ. प्रत्येक लेनच्या काठावर एक मोजणारा. दुसऱ्या लेनवर तुम्ही बसलात, प्लास्टिकच्या खुर्चीत, मफलर गुंडाळून. आयोजकांनी दिलेला कागद-पेन तुम्ही खुर्चीखाली ठेवला आणि पिशवीतून दोन स्टीलच्या वाट्या काढल्या. एकीत पंधरा चिंचोके, दुसरी रिकामी. मी जाऊन परत आले की एक चिंचोका इकडून तिकडे. आणि देवघरातली घंटी. आदल्या दिवशी तुम्ही मला नीट बजावलं होतं, की पंधराशेच्या शर्यतीत शेवटच्या दोन लेंथ उरल्या की घंटा वाजवतात. संपल्यावर नाही.

मी बावीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे. रुपयाचा फरक सापडेपर्यंत घरी जात नाही. तीसपर्यंत मोजणं म्हणजे काय! पण गॉगलमध्ये पाणी शिरायला लागलं. मी काठाला टेकले, लेंथ मोजली, गॉगल काढून झटकला, घातला, आणि निघताना तीच लेंथ पुन्हा मोजली. एकच व्हाउचर दोनदा नोंदवल्यासारखं. हे एकदा नाही, दोनदा झालं असणार. त्यामुळे तुमच्या काठाला येऊन माझे तीस भरले, घंटी वाजत होती, आणि मला वाटलं, झालं! मी शिडीकडे सरकले.

"थांब वो, एक चक्कर बाकी हाय!"

"झाले तीस, काकाजी!"

"अठ्ठावीस."

आणि मी, सगळ्या टँकला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "तुम्हाला मोजता येत नाही तर बसता कशाला?"

हे वाक्य मला तेव्हापासून रोज ऐकू येतं. तुम्ही काही बोलला नाहीत. वाकलात आणि वाटी माझ्या नाकासमोर धरली. तळाशी एक चिंचोका होता. मग दुसरा हात शिडीच्या दांडीवर आडवा ठेवलात. सत्तरीच्या माणसाचा बारीक हात, ढकलला असता तर बाजूला झाला असता. मी ढकलला नाही, हीच काय ती त्या सकाळची माझी अक्कल.

गेले पुन्हा. त्या शेवटच्या चकरेत सतराचा पाढा पण नाही आठवला, नुसती चिडून पोहले. 46 मिनिटं लागली एकूण.

बाहेर येऊन पळत सुटले, ओल्या पायांनी, चिप सोडता सोडता. आमचा पोरगा हेल्मेटचा पट्टा आधीच लावून उभा (तो लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, असा नियम आहे), काटोल रोडला लागला. तो फेटरीच्या पुढून परत येईपर्यंत मी अंगावर दोन टॉवेल घेऊन बसले आणि मोबाईलवर आमच्या एका मैत्रिणीनं काढलेला व्हिडिओ पाहिला. पूर्ण पाहिला, लेंथ मोजत. पंधरा चकरा. बरोबर पंधरा.

नियमपत्रकात साफ लिहिलं होतं, एक लेंथ कमी भरली तरी टीम बाद. म्हणजे त्या पोराचे चाळीस आणि दादांचे दहा किलोमीटर माझ्यापायी पाण्यात गेले असते. दादा तर फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सच्या चढावर पोटरी धरून चालत होते, तरी थांबले नाहीत. अकरा टीममध्ये आम्ही आठवे आलो. आठव्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, पण आमच्या तिघांचा फोटो बँकेतल्या दादांनी काउंटरमागे लावलाय.

मी तुम्हाला शोधायला टँकवर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. माफी तोंडावर मागायची होती. ती आता इथे मागते, सगळ्या टँकला ऐकू जाईल अशी: काकाजी, चुकलं माझं. आणि ती दांडी अडवलीत त्याबद्दल, गुणगुणायला लावलंत त्याबद्दल, आणि त्या पहिल्या दिवशी शेजारच्या लेनमध्ये थांबलात त्याबद्दल मनापासून आभार.

मुलगी सोडेल तेव्हा या. सहाची बॅच तीच आहे.

तुमची,
दुसऱ्या लेनमधली

ता. क. घंटी तुम्ही नेलीत, पण एक वाटी खुर्चीखाली राहिली होती, चिंचोक्यांसकट. ती माझ्याकडे आहे. रिकामी परत करणार नाही, संत्रा बर्फी घालून देईन. चिंचोके वेगळ्या पुडीत बांधून ठेवलेत. पंधरा आहेत. तीनदा मोजले.