नांगर टाकला की शेजार सुरू

मा. संपादक,
स. न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शेजारधर्म संपत चाललाय असा लेख होता. बाकी ठीक, पण त्यात एक वाक्य होतं की सारखी जागा बदलणाऱ्यांना कसला आलाय शेजार. हे काय पटलं नाही बुवा. मी स्वतः तीन आठवडे अशा वस्तीत राहून आलेय जिथे कुणाचंच घर एका जागी नसतं, आणि तिथे जो शेजार बघितला तो आमच्या सोसायटीत बारा वर्षांत दिसला नाही.

झालं असं की टोरांटोच्या मुलाने नि सुनेने वर्षभर सुट्टी काढून जुनी 36 फुटी शिडाची बोट घेतली, बहामाजला गेले आणि मलाही बोलावलं. मी रत्नागिरीची, समुद्राची भीती नाही, पण पाण्यावर संसार म्हणजे काय ते तिथे कळलं. जागा ग्रेट एक्झुमा बेटावरचं जॉर्ज टाऊन, समोर स्टॉकिंग आयलंड, मधे एलिझाबेथ हार्बर. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे 300 च्या वर बोटी नांगर टाकून असतात, बहुतेक अमेरिकन नि कॅनेडियन, निम्मे तरी रिटायर्ड. पुढे कॅरिबियनला जायचं म्हणून निघालेले कितीतरी जण इथूनच मागे फिरतात म्हणून त्याला चिकन हार्बर, म्हणजे भित्र्यांचं बंदर म्हणतात, आणि हे सांगताना सगळ्यात जास्त हसतात ते मागे फिरलेलेच.

सकाळी 8 वाजता बोटीबोटीत असतो त्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 72 वर नेट असतं, म्हणजे सगळ्या बोटींची एकत्र हजेरीच म्हणा. हवामान, नवीन कोण आलं, आज कोण निघालं, कुणाला काय हवंय. एकमेकांना हाक मारायची ती 68 वर, आणि मग दोघांनी दुसऱ्या चॅनलवर जाऊन बोलायचं, तर बाकीचेही गुपचूप मागोमाग तिकडे जाऊन ऐकतात! सून म्हणाली आई इथे सगळेच ऐकतात, कुणाला राग येत नाही. नळावरच्या गप्पा पण खऱ्याखुऱ्या नळावरच, कारण पिण्याचं पाणी गावातल्या किराणा दुकानवाल्यांच्या धक्क्यावर फुकट मिळतं, तिथे जायला डिंगी, म्हणजे बोटीबरोबरची छोटी होडी, एका अरुंद पुलाखालून लेक व्हिक्टोरिया नावाच्या गावातल्या तळ्यात घालावी लागते आणि वारा असला की पोचेपर्यंत माणूस चिंब.

आडनावं कुणालाच माहीत नसतात, बोटीचं नाव हेच माणसाचं नाव, मुलाच्या मोबाईलमध्ये सगळे नंबर तसेच सेव्ह केलेले. मला पण रेडिओवर आमच्या बोटीची आई म्हणायचे.

एक दिवस इंजिन तापायला लागलं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपात इंपेलर म्हणून रबरी चक्र असतं, त्याच्या सहातल्या दोन पाकळ्या तुटल्या होत्या. मुलाने रेडिओच्या नेटवर विचारलं, दहा मिनिटांत एक म्हातारे गृहस्थ डिंगीतून नवीन इंपेलर घेऊन हजर. बसवून झालं, मी म्हटलं आता जातील, पण नाही, म्हणे तुटलेल्या पाकळ्या पुढे पाइपात अडकल्या असतील, त्या मिळाल्याशिवाय मी हलणार नाही. दोन तास ते आणि मुलगा इंजिनाशेजारी वेडेवाकडे होऊन बसले, तोंडात टॉर्च, हातात चिमटा. दुसरी पाकळी निघाली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली, काजूएवढी होती. पैसे घेतले नाहीत, थालीपीठ मात्र तीन खाल्ली आणि चौथं बायकोसाठी कागदात गुंडाळून नेलं.

नंतर थंड हवेचा फ्रंट आला. वारा दक्षिणेकडून फिरत पश्चिमेला नि मग उत्तरेला जातो, बोटी नांगरावर गर्रकन फिरतात, कुणाचा तरी नांगर सुटतोच. रात्री एकच्या सुमाराला एक बोट सरकत आमच्या अंगावर यायला लागली, कुणीतरी भोंगा वाजवला आणि बघता बघता पाच डिंग्या जमल्या, दोघांनी आपल्या डिंग्या तिला टेकवून ढकलून धरली, एकाने जास्तीचा नांगर दिला. सकाळी त्या बोटीवरून सगळ्यांना ताजा ब्रेड.

सगळं गोडच आहे असं नाही हां. फार जवळ नांगर टाकला म्हणून तोंड फुगवणारे आहेत, डॉमिनोज खेळणाऱ्यांचे कंपू आहेत. आणि गावातली बहामियन माणसं या गोतावळ्यात फारशी दिसत नाहीत, पाणी त्यांचं, बंदर त्यांचं. त्यांच्या स्वतःच्या होड्यांची मोठी शर्यत त्याच बंदरात 1954 पासून एप्रिलमध्ये होते, तोवर यातल्या पुष्कळशा बोटी निघून गेलेल्या असतात. हे मला खटकलं.

संध्याकाळी सूर्य बुडताना बोटीबोटीवरून शंख वाजतात. खरे शंख, टोक कापून केलेले. पहिल्या दिवशी मी हात जोडले तर सून हसली. इंपेलरवाले निघाले ते मात्र सकाळी नऊला, डॉमिनिकन रिपब्लिककडे, परत गाठ पडेल की नाही कुणी बोललं नाही. त्यांचा नांगर वर आला तसा मुलाने शंख घेतला, वाजवताना दोनदा फुसका निघाला, तेवढ्यात शेजारच्या बोटीवरून वाजला, मग पलीकडच्या, मग त्याच्याही पलीकडच्या.

— एक वाचक, रत्नागिरी