मंत्रिमहोदय, बॉये येईपर्यंत पोवळे उरेल का?

मा. मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी सव्वादहाला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, एका होडीने नांगर टाकला. मी पाहुण्यांना घेऊन जवळच पाण्यात होतो. तो दणका कानांना नाही, छातीला कळला. खाली जाऊन पाहिले तर घमेल्याएवढे पोवळे मधोमध फुटलेले, आतून खडूसारखे पांढरे. असले पोवळे वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढते. माझी मुलगी यंदा दहावीला गेली, हे तिच्याही आधीचे.

आपल्या खात्याच्या साहेबांनी दोन वर्षांपूर्वी बैठकीत सगळ्यांसमोर शब्द दिला होता: "दिवाळीच्या आत होड्या बांधायला तरंगते बॉये लावून देतो, मग नांगर टाकायची गरजच नाही." दोन दिवाळ्या गेल्या. बॉया एकही नाही.

पोवळे म्हणजे दगड नव्हे, साहेब. ते हजारो बारीक प्राण्यांचे घर आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, तेच त्यांना बहुतेक अन्न देते आणि रंगही देते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने तापून काही आठवडे तसेच राहिले, की प्राणी ते शेवाळ बाहेर टाकतात आणि पोवळे पांढरे पडते. 1998 साली जगभर हे झाले, 2016 ला झाले, 2024 ला पुन्हा झाले. समुद्राचा ताप तुम्ही उतरवू शकत नाही, हे मला समजते. नांगर तरी थांबवा!

त्या फुटलेल्या पोवळ्याशेजारी काळ्या पट्ट्यांच्या पिवळ्या माशाचे घरटे होते. मादी खडकावर जांभळट अंड्यांचा थर घालून निघून जाते, राखण बाप करतो. त्या दिवसांत त्याचे अंग निळसर होते, आणि मास्क घातलेल्या माणसावरही तो धावून जातो. नांगराची साखळी त्या अंड्यांवरून घासत गेली. तो तिथेच घिरट्या घालत होता. वरून पर्यटक बिस्किटांचा चुरा टाकत होते, त्याने माशांची झुंबड उडाली आणि उरलीसुरली अंडी त्या झुंबडीने खाल्ली. मी डोळ्यांनी पाहिले. रात्री जेवण गेले नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्यात पोवळे वाघाच्या पंगतीला आहे, पहिल्या अनुसूचीत. वाघाच्या पाठीवर कुणी नांगर टाकला असता तर तुमची यंत्रणा दोन वर्षे झोपली असती का?

1987 साली इथे सागरी अभयारण्य झाले. 29 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3 चौरस किलोमीटरच्या आसपास. तेव्हा माझे वडील विरोधाच्या मोर्चात होते. आपली रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढायची मासेमारी, बंद होईल ही त्यांना भीती. पण तेच मला लहानपणी सांगायचे, "खडपाक हात लावू नको, थंय माश्यांचा घर आसा." कागद नसताना त्यांनी जे राखले, ते कागद असून तुम्हाला राखता आले नाही.

वडिलांची जाळी मी विकली. मासाच मिळेनासा झाला. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी रात्री किनाऱ्यावर उभे राहा, समुद्रात शहर वसल्यासारखा उजेड दिसतो. आम्हा छोट्या होडीवाल्यांना मात्र लायसन, विमा, जॅकेट, सगळ्याची तपासणी. कर्ज काढून इंजिन घेतले, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. बुड्या मारून डाव्या कानाने ऐकू कमी येते. हे सगळे मी सोसले, कारण पाहुण्यांना दाखवायला खाली काहीतरी जिवंत होते. तेही गेले की मी मुलीला काय सांगू?

रविवारी अकरापर्यंत मी त्या खडपावर 23 होड्या मोजल्या. त्यातल्या बऱ्याच माझ्या भाऊबंदांच्या आहेत, आणि त्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. बॉया नसेल तर होडी बांधायची तरी कशाशी? आम्ही वर्गणी काढून चार बॉये स्वतः लावायचा अर्ज दिला होता. आठ महिने झाले, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. तुम्ही करत नाही, आणि आम्हालाही करू देत नाही.

आता पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्या जातील. तेवढे तीन महिने खडपाला विसावा. सप्टेंबरात हंगाम उघडायच्या आत बॉये लावा, नाहीतर आमच्या अर्जावर सही करा. दोन्ही झाले नाही तर पहिल्या दिवशी मी माझी होडी त्या खडपावर आडवी घालणार आहे. पोलीस पाठवायचे तर पाठवा.

आपला,
एक स्नॉर्केलिंग गाईड, मालवण