फुगडीच्या फेरातून मागे सरणाऱ्या बायांसाठी

सत्तरी तालुक्यातल्या बंधू-भगिनींनो,

चवथीला फुगडी रंगात आली की काही बाया हळूच फेराबाहेर होतात. विचारले तर गुडघे दुखतात म्हणतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत एकीने धीर करून खरे कारण सांगितले. उडी मारली, शिंक आली, काजूच्या बोंडूंची पाटी उचलली की लघवी सुटते. ती बोलली आणि त्याच संध्याकाळी आणखी अकरा जणींची तोंडे उघडली. काही जणी तर दहा-दहा वर्षे घडी केलेले जुने कापड लावून वावरत होत्या. घरात कुणाला पत्ता नाही.

बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. मूत्रमार्गाचा खालचा आधार ढिला पडला, की पोटावर जोर येताच गळते. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यात भर घालतात. यावर व्यायाम आहे, डॉ. आर्नल्ड केगेल यांनी तो १९४८ मध्येच मांडला. पण हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत. आत आणि वर आवळायचे असते, तिथे अनेक जणी श्वास कोंडून उलट खाली कुंथतात आणि गुण येत नाही म्हणून सोडून देतात.

इथे सोनोग्राफी उपयोगी पडते. प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, ओटीपोटावर किंवा जांघांच्या मध्ये बाहेरूनच टेकवतात. खोकल्यावर मूत्राशयाची मान किती खाली येते ते पडद्यावर दिसते. बरोबर आवळले की तीच मान वर उचलली जाते, आणि बाई ते स्वतः पाहते. यात क्ष-किरण नाहीत. सोनोग्राफीने दुखणे बरे होत नाही, हे आम्ही सर्वांना स्पष्ट सांगतो. नीट शिकलेला व्यायाम निदान तीन महिने करावा लागतो, आणि काहींना शेवटी शस्त्रक्रियाही लागते.

मशीनच मंडळात आणा, असे काहींनी आपुलकीने सुचवले. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे ते नोंदणीकृत ठिकाणीच वापरता येते, आणि तो कायदा कडक आहे हे बरेच आहे. म्हणून बायांनाच मशीनपर्यंत न्यायचे ठरले. फोंड्यातल्या एका नोंदणीकृत केंद्राच्या डॉक्टरबाई आणि एक फिजिओथेरपिस्ट महिन्यातून दोन शनिवार द्यायला तयार आहेत.

अडते ते प्रवासावर. जिला वाटेत कपडे ओले होतील अशी धास्ती आहे, तिने कदंब बसमध्ये दाटीवाटीने उभे राहून कसे जावे? सात-आठ जणींची गाडी आणि शक्य तर बाईच चालक, ही आमची पहिली गरज. त्यानंतर तपासणीचे शुल्क, गावातल्या व्यायामवर्गासाठी चटया आणि गरजू बायांना पॅड. पैसे मंडळाच्या खोलीत द्यावेत, पावती मिळेल आणि हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागेल. रक्कम लहान असली तरी संकोच नको.

पुरुषांनाही विनंती. घरच्या बाईला खोदून विचारू नका, शनिवारची घरची कामे तेवढी उचला.

यायचे आहे त्या बाईने फक्त ‘व्यायामाच्या वर्गाला नाव घाला’ म्हणावे. कारण कुणी विचारणार नाही. मात्र लघवीतून रक्त जात असेल किंवा जळजळ असेल, तर शनिवारची वाट न पाहता आधी डॉक्टरकडे जावे. पहिली गाडी चवथीपूर्वी निघायला हवी.