नेत्रदानाचा अर्ज भरला, पण घरी सांगितले का?

संपादक महोदय,

२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा. या दिवसांत कोल्हापुरातल्या महाविद्यालयांत व्याख्याने होतात, एनएसएसची मुले संकल्पपत्रे भरून घेतात. मी शिकवते, त्यामुळे त्यांची तळमळ जवळून पाहते. पण ‘घरी सांगितलेस का?’ असे विचारले, की बहुतेक जण गप्प होतात.

खरी अडचण इथेच आहे. नेत्रदान होते ते मृत्यूनंतर, नातेवाइकांच्या संमतीने. अर्ज भरलेला असला तरी घरच्यांनी कळवल्याशिवाय काही होत नाही, आणि अर्ज नसला तरी घरचे होकार देऊ शकतात. विशीतल्या मुलाचा संकल्प पन्नास-साठ वर्षे लागू न पडो. पण त्याच्या घरी आजी-आजोबा आहेत. उद्या त्यांतले कोणी गेले, तर पै-पाहुण्यांना कळवण्याच्या गडबडीत नेत्रपेढीला फोन कोण लावणार? सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात आणि गावाकडे तर माती उरकण्याची घाई असते. अशा वेळी पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, हे घरात एकाला तरी ठाऊक हवे. पथक घरी येते, पंधरा-वीस मिनिटांत काम होते, चेहरा विद्रूप होत नाही. वापरला जातो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा. म्हणून चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब यांपैकी काहीही आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज अशा आजारांत मात्र डोळे घेत नाहीत.

ही गरज आपल्या शिवारातलीच आहे. उसाचे पाते डोळ्याला लागते, बुबुळावर ओरखडा पडतो, त्यात बुरशी धरते. माणूस डॉक्टरला न दाखवता दुकानातून कसले तरी थेंब आणून घालतो. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी आणखी फोफावते. शेवटी डोळ्यात फूल पडते, म्हणजे तो पारदर्शक पडदा पांढुरका होतो, आणि मग दुसऱ्या कोणाचा पडदा मिळण्याची वाट पाहावी लागते. शिरोळ, हातकणंगले, करवीरमधून शिकायला येणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

पंचगंगेच्या स्मशानभूमीला शेणी (गोवऱ्या) दान करणारे हे गाव आहे. गडहिंग्लज तालुक्यातल्या अत्याळच्या गावकऱ्यांनी तर नेत्रदानाची चळवळच उभी केली. मग विद्यापीठाच्या आवारात ती फलकापुरती का राहावी?

शिवाजी विद्यापीठाला आणि संलग्न महाविद्यालयांना माझी विनंती आहे. यंदा किती अर्ज भरले हे मोजू नका. प्रत्येक अर्जावर घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची सही आणायला सांगा आणि नेत्रपेढीचा नंबर मुलांच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या. पंधरवडा गणपतीच्या आगेमागे येतो. वसतिगृहातली मुले घरी जातात, सगळे घर एकत्र असते. सणासुदीला मरणाचे बोलू नये, असे आजी म्हणेल. मग मागोमाग म्हाळ आहेच, गेलेल्यांची आठवण काढायचे ते दिवस. तेव्हा विषय काढा, पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सही झालेली असू द्या.

आपली,
महाविद्यालयात शिकवणारी एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर