पहिला डायब्लो, सावकाश

वेंगुर्ले,
आषाढ

प्रिय दोस्ता,

कसो आसस? वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझ्या जुन्या लॅपटॉपवर पहिला डायब्लो, म्हणजे चर्चखालच्या तळघरांत राक्षस मारत पातळी-पातळीने उतरायचा तो जुना गेम, चालेल का, आणि चालला तरी आता खेळवेल का, असं तू विचारलंस. चालेल, खेळवेलही, पण तो सावकाश खेळायचा. आज त्याच्यावर वेगाच्या आणि सोयीच्या इतक्या गोष्टी चढवता येतात की सगळ्या चालू केल्यास तर गेममधली भीती निघून जाईल आणि मागे नुसतं क्लिक-क्लिक उरेल. म्हणून कुठली सोय घ्यावी आणि कुठली नाकारावी ते सविस्तर लिहितो.

आधी गेम मिळवायचं. मूळ गेम १९९६ सरता सरता आला, विंडोज ९५ साठी. नव्या विंडोजवर तो जसाच्या तसा टाकलास तर कधी रंग बिघडतात, कधी उघडतच नाही. त्या भानगडीत पडू नकोस. डेव्हिल्युशनएक्स नावाचं मोफत, खुलं इंजिन आहे, ते उतरवून घे. त्यात गेमचा सांगाडा असतो; चित्रं, आवाज, नकाशाचे तुकडे हे सगळं मूळ गेममधल्या 'डायबडॅट डॉट एमपीक्यू' या एकाच फाइलमध्ये असतं. ती आपल्याला विकत घेतलेल्या प्रतीतून द्यावी लागते. जीओजी या ऑनलाइन दुकानात २०१९ पासून गेम विकत मिळतो, सोबत हेलफायर ही जोडही येते. जुनी सीडी कपाटात असेल तर फाइल सीडीच्या पहिल्याच फोल्डरमध्ये दिसेल. फक्त आपल्याकडच्या दमट हवेत सीडीला बुरशी धरते, आणि कॉपी अर्ध्यावर तुटली तरी फाइल वरवर शाबूत दिसते. म्हणून आकार बघ, ५०० एमबीच्या आसपास हवा. ती इंजिनाच्या फोल्डरमध्ये टाकली की झालं. लिनक्सवर फाइल सापडत नाही असं म्हणाला तर नाव छोट्या अक्षरांत करून बघ. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि एकदा उतरवल्यावर एकट्याने खेळायला इंटरनेटही लागत नाही. पावसात टॉवर गेला तरी तुझं अडणार नाही.

वीज मात्र अडवेल. लॅपटॉपची बॅटरी मेली असेल आणि सेव्ह होत असतानाच वीज गेली, तर ती फाइल बिघडू शकते; आणि इथे एका पात्राला एकच सेव्ह असतो, मागे जायला दुसरा नाही. विंडोजमध्ये ॲपडेटा, रोमिंग, डायासर्जिकल, डेव्हिल्युशन या वाटेने गेलास की 'सिंगल_०' नावाची फाइल दिसेल. नवं तळघर उघडण्याआधी तिची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवत जा. खेळताना एफ२ ने सेव्ह, एफ३ ने परत तिथेच.

आता हा सावकाशपणाचा आग्रह का, ते सांगतो. कॅलिफोर्नियातल्या काँडॉर या लहान कंपनीने, जी पुढे ब्लिझार्ड नॉर्थ झाली, हा गेम आधी पाळीपाळीने खेळायचा म्हणून आखला होता. आधी तू एक चाल करायची, मग राक्षसाने. पुढे गेम बाजारात आणणाऱ्या ब्लिझार्डच्या आग्रहावरून काँडॉरच्या डेव्हिड ब्रेव्हिकने तो सलग चालणारा केला. पण पाळ्या गेल्या नाहीत, त्या बारीक झाल्या. गेमचं घड्याळ सेकंदाला २० ठोके देतं आणि एक फरशी ओलांडायला तुझ्या माणसाला ८ ठोके लागतात. तुझं प्रत्येक पाऊल अजूनही एक चालच आहे, आणि टाकलेलं पाऊल मध्येच मागे घेता येत नाही. त्यात आणखी एक नियम असा की, बसलेल्या एका घावाचं नुकसान तुझ्या पात्राच्या लेव्हलइतकं किंवा जास्त असलं की पात्र कळवळतं आणि काही ठोके त्याला काहीच करता येत नाही. वॉरियरला ६ ठोके, मांत्रिकाला ८. समोर एकच सांगाडा असेल तर हे निभतं. तिघांनी घेरलं तर एकाच्या घावातून सावरेपर्यंत दुसऱ्याचा बसतो, आणि तू बटणं बडवत राहतोस, माणूस मात्र हलत नाही. या गेममधली बरीचशी मरणं अशी होतात. ताकद कमी पडली म्हणून क्वचितच, उभं राहायची जागा चुकली म्हणून बहुतेकदा.

म्हणून पहिला धडा दाराचा. दार उघड आणि लगेच उंबरठ्यापासून एक फरशी सरळ मागे ये. उंबरठ्यात राहू नकोस, तिरकाही उभा राहू नकोस. आता आतल्या कोणालाही तुझ्यापर्यंत यायचं तर त्या एकाच फरशीवर यावं लागतं, आणि तिथे एका वेळी एकच मावतो. शिफ्ट दाबून क्लिक केलंस की पात्र जागचं न हलता वार करतं. शिफ्ट विसरलास आणि क्लिक राक्षसाऐवजी जमिनीवर पडलं, की माणूस चालत खोलीत शिरलाच म्हणून समज. पहिला मेला की त्याचं प्रेत उंबरठ्यात पडतं आणि मग ते दार लावता येत नाही, हे ध्यानात ठेव. माघार घ्यायची तर जिन्याने घे, जिन्यावरून तुझ्यामागे कोणी येत नाही. तिरंदाज सांगाडे याला फसत नाहीत, ते लांबूनच मारतात. त्यांच्यासाठी भिंतीचा कोपरा धर आणि आडून आडून जवळ जा.

सुरुवात वॉरियरने कर. त्याला ७० जीव मिळतो, तिरंदाज बाईला ४५, मांत्रिकाला ३०. पुढे मांत्रिक सगळ्यांत बलाढ्य होतो, पण पहिल्या चार पातळ्यांत फार लवकर आडवा होतो. वॉरियरकडे सुरुवातीला आखूड तलवार, छोटी ढाल आणि एक सोटा असतो. बहुतेक जण तो सोटा लगेच ग्रिसवोल्ड लोहाराला विकून टाकतात. तू विकू नकोस. सांगाडे, झोंबी अशा मेलेल्या जातीवर तलवारीचं नुकसान निम्मंच होतं आणि सोट्या-गदेचं दीडपट. जनावरांच्या जातीवर, म्हणजे वटवाघळं, प्रेतं खाणारे स्कॅव्हेंजर यांच्यावर, नेमकं उलटं. गेम हे कुठेच सांगत नाही. चर्चच्या पातळ्यांत सांगाडे भरपूर, म्हणून तिथे सोटा हातात आणि तलवार पिशवीत. लिओरिक राजा भेटला तर तोही सांगाडाच, त्यालाही गदा. तो मेलेले सांगाडे पुन्हा उठवतो, तेव्हा त्यांच्यात वेळ घालवू नकोस, वाट करून थेट त्याच्यावर जा.

'भेटला तर' म्हणालो, कारण प्रत्येक नव्या खेळात कामगिऱ्या बदलतात. लिओरिक किंवा विषारी पाणी, यांतलं एकच येतं. खाटीक (दुसऱ्या पातळीवरचा राक्षस), खानावळवाल्या ऑग्डेनची पाटी आणि गारबाड राक्षस या तिघांपैकी दोन येतात. तेव्हा दुसऱ्या पातळीवर खाटकाची खोली दिसली नाही तर शोधत बसू नकोस, तो त्या खेळात नाहीच. विषारी पाणी आलं तर नाराज होऊ नकोस, त्यात मिळणारी अंगठी बराच काळ उपयोगी पडते. पाटी मिळाली तर ती मागणाऱ्या स्नॉटस्पिल राक्षसाला न देता ऑग्डेनला नेऊन दे. बदल्यात शिरस्त्राण मिळतं. ते झिजतं लवकर, पण चांगलं आहे.

खाटीक आला तर मात्र घाई नको. त्याचा एकेक घाव ६ ते १२ चा, आणि तू पळालास तरी तो मागे पडत नाही. त्याच्यावर तलवार-गदेचा भेद चालत नाही, तेव्हा हातातलं सगळ्यांत चांगलं हत्यार घे. पट्ट्यातल्या आठही कप्प्यांत जीव भरायच्या बाटल्या ठेव, गावातल्या पेपिन वैद्याकडे एकेक ५० मोहरांना मिळते. धनुष्य असेल तर सोपा मार्ग आहे. चर्चच्या भिंतींत कुठे कुठे लोखंडी जाळी असते. तिच्यातून बाण जातो, माणूस जात नाही. अशी जाळी आधी हेरून ठेव, तिथपर्यंतच्या वाटेतली सगळी दारं उघडून ठेव, मग त्याचं दार उघड आणि मागे न बघता जाळीपलीकडे जा. तो तुझ्या दिशेने सरळ रेषेत धावतो, वळसा घ्यायचं त्याला कळत नाही. जाळीशी अडकला की बाण सोडत राहा. वाटेत एक जरी दार बंद राहिलं, तर ते उघडण्यात गेलेला वेळ तुला महागात पडेल.

देवळीसारख्या ज्या श्राइन लागतात, त्यांवर क्लिक करण्याआधी माउस नुसता वर ठेवून नाव वाच. फॅसिनेटिंग, सेक्रेड आणि ऑर्नेट या तिघींना हात लावू नकोस. त्या एका मंत्राच्या दोन पायऱ्या वाढवतात आणि बदल्यात तुझ्या कमाल मानातला (मंत्रशक्तीतला) दहावा हिस्सा कायमचा नेतात. वॉरियरला फारसा फरक पडत नाही, मांत्रिकाची मात्र वाट लागते. डेव्हिल्युशनएक्समध्ये अशा घातक श्राइनवर क्लिकच होऊ न देणारी सोय आहे. मी म्हणेन ती बंद ठेव. तीन नावं पाठ करणं अवघड नाही, आणि अंधारात काहीतरी लुकलुकताना दिसलं की हात आखडणं हीच तर या खेळाची मजा आहे.

चौथ्या-पाचव्या पातळीच्या सुमारास ब्लॅक डेथ नावाचे पिवळट झोंबी भेटतील. चाल संथ, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण त्यांचा प्रत्येक घाव तुझ्या कमाल जीवातला एक गुण कायमचा कमी करतो. बाटलीने तो भरून येत नाही. वॉरियर असलास तरी त्यांच्यापुरतं धनुष्य काढ.

आता सोयींचं. घ्यायच्या त्या अशा: गावात दुप्पट वेगाने चालणं, कारण ट्रिस्ट्रममध्ये, म्हणजे त्या गावात, भीती नाही आणि एड्रिया चेटकिणीची झोपडी फार लांब आहे. मोहरा आपोआप उचलणं. माउस दाबून धरला की वार चालू राहणं. बोटं दुखत नाहीत आणि खेळ काही बदलत नाही. गावातल्या गिलियन या पोरीकडे आता सामान ठेवायला पेटी मिळते, ती तर घेच. पूर्वी एका चौकोनात ५,००० मोहरा मावायच्या आणि पिशवीत चौकोन ४०, म्हणून लोक गावातल्या गवतावर ढीग घालून ठेवायचे.

नाकारायच्या त्या अशा: गेमचा वेग वाढवणं, अजिबात नको. आठ ठोक्यांच्या पावलावर सगळा हिशोब बसलाय, आणि वेग वाढवलास की राक्षसही त्याच पटीत धावतात. विचाराला मिळायचा तेवढा वेळच कमी होतो. राक्षसाच्या जीवाची पट्टी दाखवणंही नको. आणि पडदा रुंद केलास तरी उंची ४८० च्या आसपासच ठेव. फार लांबचं दिसायला लागलं की बाण कुठून येतोय याची धाकधूक उरत नाही.

गावातल्या माणसांचं बोलणं मात्र सोडू नकोस. वाटेवरच्या एखाद्या आडाबद्दल आपल्याकडे चार जण चार तऱ्हांनी सांगतात ना, तसं तिथे एकाच कामगिरीबद्दल ऑग्डेन, म्हातारा केन, दारुडा फार्नहॅम हे सगळे वेगवेगळं सांगतात. खाली जायच्या आधी ऐकून घे. संगीतकार मॅट युलमनने तिथे वाजवलेली बारा तारांची गिटारही तेवढीच ऐकण्यासारखी आहे. कौलांवर पाऊस असेल तर हेडफोन लाव.

पैशाचं थोडक्यात. एकट्याच्या खेळात मेलेले राक्षस परत येत नाहीत, म्हणून मोहराही ठरावीकच. केन वस्तू ओळखायला १०० घेतो. वर्ट पोरगा नुसती वस्तू दाखवायला ५० घेतो, घेतली नाहीस तरी परत देत नाही. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नकोस. टाउन पोर्टलची गुंडाळी २०० ची, ती एक कायम जवळ हवी. पाचव्या, नवव्या आणि तेराव्या पातळीला पोहोचलास की गावातून थेट उतरायची वाट उघडते, तिथे गुंडाळी वाचते. वॉरियर हत्यार स्वतः दुरुस्त करू शकतो, पण दर वेळी त्याची कमाल टिकाऊ शक्ती घटते. चांगली वस्तू ग्रिसवोल्डकडेच ने. टिकाऊपणा शून्यावर आला तर वस्तू नाहीशी होते, मोडकीही उरत नाही.

नवव्या पातळीनंतर गुहांमध्ये आम्ल थुंकणारे येतात. ते मेल्यावरही जमिनीवर आम्ल राहतं, त्यावर उभा राहू नकोस. तेराव्यानंतरचं आत्ता लिहीत नाही, तिथे पोहोचलास की विचार.

दोघांनी मिळून खेळायचं म्हणशील तर तेही इंजिनात आहे, पण आधी एकट्याने एकदा शेवटपर्यंत जा. दोघांच्या खेळात खाटीक, लिओरिक, लाझारस आणि खुद्द डायब्लो एवढ्याच कामगिऱ्या उरतात, बाकी गोष्ट गळते. शिवाय मेलास तर अंगावरचं सगळं तिथेच सांडतं आणि नागड्याने परत आणायला जावं लागतं. एकमेकांचे बाणही लागतात. पर्यायांत ते बंद करता येतं, पण मला विचारशील तर चालूच ठेवू. तू पुढे ढाल घेऊन दारासमोर, मी तुझ्या रेषेतून एक फरशी बाजूला धनुष्य घेऊन. तू तिरका सरकणार असशील तर आधी फोनवर ओरडून सांगायचं, एवढं ठरवून ठेवू.

फाइल मिळाली की कळव. सेटिंग करताना अडलास तर पडद्याचा फोटो पाठव.

तुझाच,
दोस्त