पॅरालिसिसनंतर गेलेले शब्द आणि ते रंगीत ठिपके

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पॅरालिसिसमध्ये बोलणं गेलेल्या माणसाचे शब्द परत येताना मेंदूत काय होतं ह्यावर हल्ली बरंच काय काय येतंय, पेपरात पण आणि मोबाईलवर पण, सोबत मेंदूचा काळा फोटो आणि त्यात लाल-पिवळे ठिपके. तसलीच एक क्लिप आमच्या तालमीच्या ग्रुपवर आली आणि दोन दिवसांत तिघांचे फोन, "आबांचं ते स्कॅनिंग करून घ्या की, कुठं होतंय बघा, पैशाचं बघू काय तर". माणसं मायेनं सांगतात, पण गैरसमज मोठा आहे म्हणून हे पत्र.

आबा म्हणजे माझे वडील. मार्केट यार्डात गुळाची अडत केली चाळीस वर्षं, नुसता रंग बघून आणि कणी जिभेवर ठेवून सांगायचे कुठल्या भागातला गूळ आहे ते. दोन वर्षांपूर्वी पहाटे उजव्या अंगावरनं वारं गेलं. पाय लवकर आला, हात बऱ्यापैकी आला, पण शब्द गेले. समजत नव्हतं असं नाही, ढेप समोर ठेवली की ती काय आहे, कशी फोडायची, भाव काय लागेल सगळं डोळ्यांत दिसायचं, नुसतं नाव येत नव्हतं. "साखर... न्हवं न्हवं... ते आपलं..." आणि मग टेबलावर मूठ. तांब्याला 'बांत्या'. आणि देवापुढं उभं केलं की "जोतिबाच्या नावानं चांगभलं" एकदम खणखणीत, त्यामुळं बघणाऱ्याला वाटायचं म्हातारा नाटक करतोय. नाटक नसतं हो ते. आरती, आकडे, शिव्या (शिव्या तर फारच शाबूत राहिल्या) हे तोंडात बसलेलं बोलणं असतं, आणि ठरवून एक शब्द शोधून जिभेवर आणणं हे वेगळंच काम आहे. त्यातनं आकडे आधी कन्नडमध्ये आले, ओंदु, एरडु, मूरु, कारण निम्मा जन्म निपाणी-बेळगावकडच्या शेतकऱ्यांशी व्यवहारात गेला, आम्ही घाबरलो की आता मराठी गेलीच म्हणून!

दवाखान्यातनं सोडताना कागदावर गोळ्या होत्या, पथ्य होतं, फिजिओ होता, बोलण्याबद्दल एक ओळ नव्हती. विचारलं तर "सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढं अवघड". ह्याला वाचाघात म्हणतात आणि ह्यासाठी स्पीच थेरपिस्ट असतात हे आम्हाला पाचव्या महिन्यात कळलं, ते पण एका ओळखीच्या मास्तरांकडनं. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण नंतर चौकशी केली तर बऱ्याच घरांची हीच गोष्ट निघाली.

आता त्या ठिपक्यांचं. थेरपिस्ट बाईंना मी प्रश्न विचारून विचारून पिडलं, मग स्वतः पण वाचत बसलो. आपला दवाखान्यातला साधा एमआरआय मेंदूचा कुठला भाग गेला ते दाखवतो. बातम्यांतला असतो तो फंक्शनल एमआरआय, ह्याचं तत्त्व १९९० साली सेइजी ओगावा ह्यांनी अमेरिकेत दाखवलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं रक्त जास्त जातं, ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं आणि मशीन तेवढंच पकडतं. म्हणजे ठिपका हा शब्द नाही, रक्ताची धावपळ आहे. पेशंटला आत झोपवून चित्रं दाखवतात, नाव सांगायला लावतात, थेरपीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, आणि फरक बघतात. त्यात पण भानगडी आहेत, बोलताना डोकं हललं की फोटो बिघडतो, मशीनचा आवाज कानठळ्या बसवणारा, आणि पॅरालिसिसच्या झटक्यानं मेंदूतला रक्तपुरवठाच बदललेला असतो त्यामुळं रक्तावरनं काढलेला अंदाज जपूनच घ्यावा लागतो. असल्या अभ्यासात माणसं पण बहुतेक वेळा थोडीच असतात.

तरी एक गोष्ट त्यातनं निघालीय आणि ती मला लाखमोलाची वाटते. भाषेचं काम बहुतेकांच्या डाव्या मेंदूत चालतं, हे पॉल ब्रोका ह्या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ साली 'टान' एवढंच बोलू शकणाऱ्या एका पेशंटवरनं मांडायला सुरुवात केली. मग डावीकडं मार बसला तर काम उजवीकडं जात असेल असं बरेच जण धरून चालायचे. पण थेरपीच्या आधी-नंतरच्या स्कॅनमध्ये बऱ्याच वेळा असं दिसलं की ज्यांचे शब्द चांगले परत आले त्यांच्यात डावीकडचाच शिल्लक भाग, जखमेच्या आसपासचा, जास्त कामाला लागला होता. उजव्या बाजूचा उपयोग किती ह्यावर अजून वाद आहेत, मोठी जखम असली तर ती मदत करत असावी असं काही जण म्हणतात. म्हणजे तिथली सगळी जमीन काही पडीक होत नाही. पण ती कसली जाते सरावानं, मशीननं नाही. वजनकाट्यावर उभा राहून कोण पैलवान झालाय का?

आणि सराव म्हणजे तास. जर्मनीत १५६ जणांवर अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला, सगळ्यांना झटका येऊन सहा महिने उलटून गेलेले. तीन आठवडे, आठवड्याला निदान दहा तास थेरपी, आणि रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. आम्हाला सांगितलेल्या "सहा महिन्यां"चं काय करायचं मग? दुसरा इंग्लंडकडचा, २०१९ चा, २७८ जण, घरी कॉम्प्युटरवर सराव, शब्द पेशंटनं स्वतःच्या आयुष्यातले निवडलेले. ते शब्द चांगले सुधारले, पण मोकळ्या गप्पांमध्ये मोठा फरक पडला नाही, हे पण त्यांनी सरळ लिहिलंय. घासलेला शब्द येतो, न घासलेला आपोआप येईलच असं नाही. म्हणून कुठला शब्द घासायचा हे फार महत्त्वाचं.

आणि इथंच आमची गाडी अडली. नेटवरनं चित्रांची कार्डं छापून आणली तर त्यात इग्लू, ॲस्पॅरॅगस, बर्फावरनं घसरायची फळी. आबांनी अख्ख्या जन्मात न बघितलेल्या वस्तूचं नाव येईना म्हणून आम्ही तोंड पाडून बसायचं! बाईंनी ती बाजूला टाकली आणि मला यार्डात फोटो काढायला पाठवलं. गुळाची ढेप, काहील, चुलवाण, काकवीची बरणी, पोतं, काटा. मग एकेका फोटोवर प्रश्न, हे कशात मोडतं, ह्याचं काय करतात, कुठं असतं, कसं दिसतं, वास कसा, ह्यावरनं काय आठवतं. नाव नाही आलं तरी चालेल, आजूबाजूचं सांगा. आबा "गोड... पिवळा... गुऱ्हाळ..." करत करत 'गूळ'वर आले तेव्हा आई देवघरात जाऊन बसली. आता फोटोतल्या साठातले चाळीसेक शब्द येतात, फोनवर बोलणं अजून नकोच म्हणतात. आणि आम्ही घरचे त्यांचं वाक्य मध्येच पुरं करून टाकायचो ती सवय मोडायला आम्हालाच सहा महिने लागले.

तर साहेब, मागणी स्कॅनची नाही. एक, इथल्या सगळ्या दवाखान्यांनी सोडतानाच्या कागदावर स्पीच थेरपीची एक ओळ लिहावी, ह्यावर तुमच्या बातमीदारानं जरा विचारपूस करावी. दुसरं तुमच्याच हातातलं आहे. तुमच्या फोटोग्राफरांकडं गावाचे हजारो फोटो पडून असतील. रविवारच्या पानावर एका कोपऱ्यात दहा चित्रं छापा, खाली नाव न घालता, नावं दुसऱ्या पानावर. रंकाळ्याकडेची भेळ, गंगावेशीतली म्हैस, कोल्हापुरी पायताण, तालमीतली गदा, केएमटीची बस, मिसळीचा कट. कात्री आम्ही लावतो. पहिला फोटो लागला तर यार्डातले माझ्याकडं आहेत, पाठवून देतो.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर